काकूचा काचेचा हौद

लहानपणी मी खरं बोलणारी मुलगी म्हणून सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होते, आणि त्या प्रसिद्धीचा मला आज, हातात काठी आल्यावरसुद्धा, संताप येतो. लोणच्याच्या बरणीत हात कुणी घातला, वासराला धारेआधीच कुणी सोडलं, रहाटाचा दोर कुणी तोडला, घरात काहीही झालं की माझे वडील, आप्पा, म्हणायचे, गोदाला विचारा, ती सांगेल ते खरं. मग मी सांगायचे. ज्याचं नाव घेतलं त्याला रट्टे मिळायचे आणि मला शाबासकी. भावंडं मला खेळायला घेत नसत त्याचं तेव्हा मला नवल वाटे. आता माझी सून तिच्या मुलांना सांगते की आजीसारखं नेहमी खरं बोलावं, तेव्हा मी उठून आतल्या खोलीत निघून जाते. तिला वाटतं, आजींना तोंडावर कौतुक केलेलं आवडत नाही. वाटू दे.

अंबडला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. शेती गावाबाहेर, पण राहणं गावात, कारण आप्पांना कचेरीची आणि चार लोकांत बसण्याची सवय. तिघे भाऊ एकत्र होते. थोरले आप्पा, मधले नाना आणि धाकटे बापूकाका. नाना जालन्याला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून होते आणि बाजाराच्या आदल्या दिवशी घरी यायचे. ते आले की घर मोठ्याने बोलायला लागायचं. मी आठ वर्षांची असताना ते तीन दिवसांच्या तापाने गेले. मागे राहिली त्यांची बायको, आमची काकू. तिला मूल नव्हतं. विधवा बाई म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जी गरीब गाय उभी राहते तशी ती अजिबात नव्हती. ती गाईला शिव्या द्यायची, मांजराला द्यायची, चुलीतल्या ओल्या लाकडाला द्यायची. पहाटे तिच्या जात्याची घरघर आणि पलीकडच्या मशिदीतली बांग एकदमच सुरू व्हायची आणि ती म्हणायची, उठा, मुल्लाजी उठले, जातं उठलं, तुम्हीच तेवढे नवाबाचे जावई. तिच्या हातच्या येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीला जी चव होती ती मला नंतर कुठेही मिळाली नाही. मी तिच्याजवळच झोपायचे. आईला तीन लहानगी होती, त्यामुळे माझ्या वाटणीला काकू आली होती आणि मी तिच्या वाटणीला.

काचेचा हौद नाना असतानाच आला. कारखान्याच्या मालकाने आपल्या बंगल्यात काचेच्या पेटीत मासे पाळले होते, ते नानांनी पाहिले आणि घरी येऊन दोन आठवडे दुसरं काही बोलले नाहीत. मग एकदा ते मला बैलगाडीत घालून जालन्याला घेऊन गेले. तिथे बाबूमियाँ म्हणून कंदील आणि पत्र्याच्या पेट्या करणारा कारागीर होता. त्याने जस्ताच्या पत्र्याची चौकट केली होती, तळाला शहाबादी फरशीचा तुकडा, चारी बाजूंना काच, आणि सांधे बुजवायला खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी. हातभर लांब आणि दीड वीत उंच. त्याला आम्ही हौदच म्हणायचो. येताना तो गाडीत कडब्यावर ठेवला आणि मी दोन्ही पायांत धरून बसले. वाटेत नाना मला तीनदा म्हणाले, गोदा, सांभाळ गं, काकूचा जीव आहे त्यात. मी ते वाक्य ऐकलं, पण त्याचा अर्थ विचारला नाही. सात वर्षांची मुलगी काय विचारणार?

मासे दुधना नदीचे. परतूरकडून येताना नानांनी गाळणीच्या फडक्याने धरून मडक्यात आणले. बोटाच्या दोन पेरांएवढे, चपळ, आणि अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे आणि सोनेरी पट्टे. त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना पट्टेदार म्हणायचो. ते कुणाच्या वाटेला जात नसत, भांडत नसत, एकमेकांना सोडूनही राहत नसत. एक वळला की सगळे वळत. माजघराच्या पूर्वेच्या खिडकीशी हौद होता, आणि सकाळचं ऊन काचेत शिरलं की ते सगळे मिळून उन्हातून आरपार जायचे आणि परत यायचे. नाना गेल्यावर काकूने कधी मोठ्याने रडून घेतलं नाही, पण हौदापुढे पाटावर बसून राहायची. तिने त्यांचं सगळं तंत्र स्वतःच शोधून काढलं होतं. आडाचं पाणी लगेच घालायचं नाही, मातीच्या रांजणात दोन दिवस मुरू द्यायचं. पाणी काढायला नारळाची करवंटी, दुसरं काही नाही. खायला गुरांच्या डोणीतल्या डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या, त्या नसतील तर फुटाण्याचं पीठ, तेही चिमटीत मावेल त्याच्या निम्मं. पौषात हौदावर घोंगडी. मासे अंडी घालतात आणि स्वतःच खाऊन टाकतात हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने नदीचे गोटे धुऊन तळाशी पसरले. अंडी गोट्यांच्या फटीत पडली, माशांच्या तोंडाला लागली नाहीत, आणि एका सकाळी पापणीच्या केसाएवढी पिलं काचेला चिकटलेली दिसली. त्या दिवशी काकूने गल्लीत गूळ वाटला. विधवेने कसला गूळ वाटायचा म्हणून बायका कुजबुजल्या. काकू म्हणाली, आपल्या गावची देवीच मत्स्योदरी, तिच्या नावानं वाटला.

नदीतले पहिले मासे म्हातारे होऊन मेले. पुढचे सगळे आमच्या घरात जन्मले, काकूच्या हाताखाली वाढले. शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या बायका बुरखा सावरून बघायला यायच्या, तहसीलदारसाहेबांनी एकदा निरोप पाठवला की आम्हालाही बघायचं आहे, आणि तेव्हापासून बापूकाकांच्या मनात हौद भरला. तोवर त्यांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

भाऊ वेगळे का झाले ते मी लिहीत बसत नाही. दोन चुलींचं जे कारण सगळीकडे असतं तेच होतं. वाटणीला पाच पंच बसले. त्यांत मुख्य म्हणजे आप्पांचे मामा, पिंपळगाव रेणुकाईचे, पांढऱ्या मिशांचे, बैल पारखण्यात ज्यांचा शब्द कुणी मोडत नसे असे. आमच्याकडची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. रीत चांगली आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. माझं भांडण असं की त्या रीतीत दोनच वाटे होते. नानांना मूल नाही म्हणून नानांचा वाटा नाही, आणि काकूला अन्नवस्त्र. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. एवढा निवाडा करायला त्या पाच माणसांना एक पान खाऊन होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. बैलाच्या एका जोडीवर मात्र ते सकाळभर बसले होते.

आणि या पाच माणसांचा स्वयंपाक कोण करत होतं, तर काकू. आई आणि बापूकाकांची बायको, धाकटी काकू, भांड्यांच्या वाट्यांत अडकल्या होत्या, हंडे मोजले जात होते, तेव्हा चुलीशी काकूच बसली. गव्हाच्या पोळ्या, येसर, वांग्याची भाजी, भाताला तूप. मामांनी दोनदा आमटी मागून घेतली आणि हाताला चव आहे म्हणाले. ज्या बाईला आपण सकाळी काहीच दिलं नाही तिच्या हातचं दुपारी बोटं चाटून खाणारी ती माणसं काही वाईट नव्हती, हेच तर मला सहन होत नाही. वाईट असती तर मी केव्हाच विसरले असते.

जेवणं झाल्यावर काकू उरलेल्या पोळ्या लाटत होती आणि बाहेर हौदाचा विषय निघाला. आप्पांनी एका वाट्यात हौद आणि दुसऱ्यात नानांची टेबल-खुर्ची असं मांडलं होतं. मामांनी रीत म्हणून दाराच्या दिशेने विचारलं, "सूनबाई, हौदाचं काही म्हणणं हाय का?"

"हौद माझ्या माहेरचा हाय," काकू आतून म्हणाली. "वाट्यात धरू नका."

माहेरची वस्तू वाटायची नाही, हे त्या पाचांनाही मान्य होतं. ते एकमेकांकडे बघायला लागले. बापूकाका हसले आणि म्हणाले, वैनी काय बोलून राह्यल्या, नानानं जालन्याहून आणल्ता, अख्ख्या गल्लीनं पाह्यला. काकूने एवढंच परत सांगितलं की माहेरचा आहे. तेव्हा आप्पा म्हणाले, वाद कशाला, गोदा गाडीत होती, तिला विचारा.

मला पाच माणसांच्या मध्ये उभं केलं. मी बारा वर्षांची होते. परकर सारखा केला. मामा म्हणाले, "बोल पोरी. भ्यायचं न्हाई. हौद कुठून आला?"

"जालन्याहून," मी म्हटलं. "बाबूमियाँच्या दुकानातून. नानांनी आणला. काकू तवा घरीच होती."

ते शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं, साक्ष पुरी व्हावी म्हणून. त्या वाक्यासाठी मी स्वतःला आजवर क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आप्पांच्या तोंडावर मी बघितलं, ते अभिमानाने फुललं होतं. मी दाराकडे बघितलं. मला वाटलं काकू आता बाहेर येईल, भांडेल, गाईला देते तशा शिव्या पंचांना देईल. पण आत पोळपाटावर लाटणं परत फिरायला लागलं.

बापूकाकांनी हौद उचलला. इथे हे प्रकरण संपलं असतं तरी मासे कदाचित वाचले असते, कारण हौद शेवटी घराच्या पलीकडच्या भागातच जाणार होता आणि मासे हौदातच राहिले असते. पण आमच्या आप्पांना न्याय करायचा होता. ते म्हणाले, हौद बापूचा, बरोबर. पण मासे म्हणजे जित्राब. ते हौदात धरता येत नाही, गोठा एकाला गेला म्हणून बैल काय त्यालाच जातात? पंचांना हे फार पटलं. जनावरांचा विषय निघाल्याबरोबर त्यांना आपल्या पायाखाली जमीन सापडली. एक जण म्हणाला, पिलं घरात झाली असतील तर गाईबरोबर वासरू जातं. दुसरा म्हणाला, पण गाय कुठं हाय? शेवटी ठरलं की निम्मेनिम्मे. मग ती पाच मोठी माणसं हौदापुढे उकिडवी बसली आणि मासे मोजायला लागली. एकाचे अकरा झाले, दुसऱ्याचे एकोणीस. मासे वळले की मोजणारा परत पहिल्यापासून सुरू करायचा. बैल असे फिरत नाहीत. मामांनी आत विचारलं, सूनबाई किती हायेत? काकूला आकडा पाठ होता, मलाही होता. तिने उत्तर दिलं नाही. मीही, देवाची कृपा, तेवढ्यापुरती गप्प बसले. मग त्यांनी हौद परातीत उपसला आणि हाताने धरून मोजले. पंधरा भरले. सात बापूकाकांना, सात आम्हाला, आणि विषम उरलेला एक देवीचा, म्हणून गड्याच्या हाती लोट्यात घालून देवळाखालच्या बारवेत सोडायला पाठवला. सगळ्यांना समाधान वाटलं. मामा म्हणाले, अशी वाटणी व्हावी, कुणाला बोलायला जागा न्हाई.

परवा माझ्या नातीबरोबर मी मासे विकायच्या दुकानात गेले होते. तिला दोन हवे होते, रंगीत, छोटे. दुकानदार म्हणाला, हे घोळक्याचे मासे आहेत ताई, आठपेक्षा कमी नेऊ नका, एकटे पडले की खात नाहीत, कोपऱ्यात बसून मरतात. मी त्याला म्हटलं, तुम्ही पंच म्हणून यायला हवं होतं. त्याला काही कळलं नाही. नात म्हणाली, आजी, तू सगळ्यांवर का रागावतेस?

आमच्या वाट्याचे सात मासे ठेवायचे कशात? काकू दिवेलागणीच्या वेळी डोक्यावरून पदर घेऊन कोठीच्या खोलीत पडली होती. तिला त्या वेळी पडलेली मी पहिल्यांदाच बघत होते आणि तिला उठवायचा धीर झाला नाही. आईने सांगितलं, जिवंत जीव आहेत, चांगल्या भांड्यात ठेव, तांब्याचं घंगाळ घे. आमच्या वाट्याला आलेलं सगळ्यांत चांगलं भांडं ते होतं, देवाच्या आंघोळीचं पाणी त्यात काढायचे. मी ते चिंच लावून घासलं. मनाला काहीतरी टोचायला लागलं होतं, काय ते कळत नव्हतं, आणि ते टोचणं मी घासण्यावर काढलं. घंगाळ लख्ख झालं, त्यात तोंड दिसायला लागलं. काकूच्याच रांजणातलं मुरलेलं पाणी घातलं, मासे सोडले, आणि मला वाटलं की सकाळी ती हे बघेल आणि मला जवळ घेईल.

सकाळी सातही मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. त्यांच्या पट्ट्यांचा निळा रंग गेला होता. काकू मागून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "त्यायला तांबं सोसत न्हाई, गोदे. इचारायचं होतं मला." एवढंच. पहिल्या वर्षी तिचे चार मासे असेच तांब्याच्या लोट्यात गेले होते, म्हणून ती करवंटी वापरायची. चार-पाच वर्षं मी तिच्या हातात ती करवंटी बघत होते आणि कधी विचारलं नव्हतं. बघितलेलं सगळं सांगता येतं, पण बघितलेलं सगळं समजत नाही, एवढी साधी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. शिकवलं होतं ते फक्त सांगायला. काकूने मला बोलावं, मारावं, असं मला फार वाटत होतं. तिने घंगाळ उचललं आणि आळूच्या वाफ्यात ओतलं.

पुढच्या बाजारात बाबूमियाँ जालन्याहून आला. दर बाजाराला तो वेशीजवळ कंदील आणि पत्र्याच्या पेट्या मांडायचा. मी माझे पायातले चांदीचे वाळे काढून मुठीत घेऊन गेले आणि त्याला म्हटलं, चाचा, याचा एक छोटा हौद करून द्या, काकूसाठी. त्याने वाळे हातात घेतले नाहीत. म्हणाला, "क्या बेटी, तुमारे घर में सब लोगां पाँव के जेवर देकोच हौद बनवाते क्या? तुमारी काकी के तोडे लिया सो आज तक दिल को लगता मेरे. मैके के थे बोलको नाना बोले थे." मी म्हटलं, कुठले तोडे? तेव्हा त्याने सांगितलं. काकूने स्वतःच्या पायातले माहेरचे तोडे फडक्यात बांधून नानांबरोबर पाठवले होते, हौद त्यांच्यावर झाला होता. घरात तिने सांगितलं होतं की तोडे घोट्याला काचतात, म्हणून काढले. आणि नाना गेल्यावर विधवेच्या पायात काय आहे आणि काय नाही ते कोण बघतो?

मी धावतच घरी आले. काकू सुपात ज्वारी घेऊन निवडत होती. मी विचारलं, तू का नाही सांगितलंस, तोडे दिले म्हणून का नाही सांगितलंस? तिने खडा उचलून बाजूला टाकला. "सांगितलं की, माहेरचा हाय म्हणून," ती म्हणाली. "त्यावर तू बोललीस. मंग काय, पाच माणसांत तुला खोटं पाडू?"

मला तिचा इतका राग आला की सुपाला लाथ मारायचीच बाकी राहिली. तिच्याजवळ होतं काय? एक हौद. आणि तो तिने माझी अब्रू राखायला सोडून दिला, बारा वर्षांच्या पोरीची, जिला अब्रू म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. मी तशीच आप्पांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला खात्री होती की ते उठतील, मामांना सांगावा धाडतील. आप्पा सुपारी कातरत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदा अरेरे म्हणाले, आणि मग समजावून सांगितलं की कागदावर सह्या झाल्या, पाच माणसांनी जबान दिली, आता एका कंदीलवाल्याच्या सांगण्यावरून परत पंच बसवले तर लोक हसतील. "आन् गोदा," ते म्हणाले, "तूच तर सांगितलं ना?" मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माणूस म्हणून ते चांगले होते, गावात त्यांचं नाव होतं, त्यांच्या अखेरच्या आजारात मी त्यांची सेवा केली. पण त्या वाक्याचा राग मी त्यांच्याबरोबर चितेवर ठेवू शकले नाही, तो घरी परत आला.

अंगणात कच्च्या विटांची भिंत उभी राहिली. काकूचे पहिले सहा महिने आमच्याकडे होते. हौद भिंतीपलीकडे, बापूकाकांच्या बैठकीतल्या कोनाड्यात. धाकटी काकू माशांना प्रेमाने खायला घालते, मूठमूठ पीठ टाकते, असं मोलकरीण येऊन सांगायची. काकू ऐकायची आणि कामाला लागायची. महिना झाला असेल. एका दुपारी आम्ही ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो आणि बापूकाका स्वतः आले. वाटणीनंतर ते प्रथमच आमच्या उंबऱ्याच्या आत येत होते. चप्पल काढून उभे राहिले.

"वैनी, जरा येऊन बघा," ते म्हणाले. "चार गेले. तीन हायेत, ते बी कोपऱ्यात बसून राह्यले. पाणी दुधावानी पांढरं झालं. शुक्रवारी तहसीलदारसाहेब बघायला येणार हायेत."

काकूचा हात शेंगेवर थांबला. "मी काय बघू, भावजी? माझं काय हाय तिथं?"

"असं काय करता. तुम्हीच पोसले ना ते."

"पोसले. आता वाटा ज्याचा, त्यानं पोसावं."

बापूकाकांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सांगेन. मग चप्पल घालून गेले. मी काकूचा हात धरला. रांजणात मुरलेलं पाणी आहे, मी वाहून नेते, तू नुसतं सांग, तीन तरी वाचतील, असं काय काय बोलत सुटले आणि रडायला लागले. तिने हात सोडवून घेतला.

"पाचांपुढं तू काय बोललीस, गोदे? हौद काकूचा न्हाई. बोललीस ना?"

"मी चुकले, काकू."

"चुकली न्हाईस. पाचांनी ते खरं धरलं. मंग मी बी तेच खरं धरून चालून राह्यले. जे माझं न्हाई ते मी कशाला जगवू?"

ती परत शेंगा फोडायला लागली. दाणे टरफलांच्या टोपलीत पडत होते आणि टरफलं दाण्यांच्या. मी ते बघितलं, आणि या वेळी बघितलेलं बोलले नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत ते तिघेही गेले. तहसीलदारसाहेब आलेच नाहीत. हौदात धाकट्या काकूने लाल मिरच्या भरून ठेवल्या, काचेतून छान दिसतात म्हणून. काकू पुढे पुष्कळ वर्षं जगली, सहा महिने भिंतीच्या या बाजूला, सहा महिने त्या बाजूला, आणि त्या बैठकीत पाणी द्यायला गेली तरी तिने मान उचलून त्या कोनाड्याकडे बघितलं नाही.

दुपारी झोप लागत नाही तेव्हा मी त्या पाच जणांना माझ्यापुढे बसवते, जेवून तृप्त झालेले, पान चघळणारे. मामा विचारतात, बोल पोरी, हौद कुठून आला? आणि मी पापणीसुद्धा न लववता सांगते, काकूच्या माहेरून आला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. इतकी वर्षं मी ते उत्तर तयार ठेवलं आहे. तो प्रश्न मला पुन्हा कुणीही विचारला नाही.